पाचशे रुपये किलोचा भात

निशी-कासाई, तोक्यो
१५ जून २०२५

ती. आई व ती. बाबा यांस,


काल फोनवर तुम्ही फिरून फिरून एकच विचारत होतात, "पोटभर जेवताय ना?" टीव्हीवर जपानमधल्या तांदळाच्या रांगा बघून बाबांच्या घशाखाली घास उतरेना, हेही कळलं. म्हणून सविस्तर लिहिते. आम्ही जेवतोय. तुमची नात सई तर जरा जास्तच जेवते. भाताचं शीतही टाकायचं नाही, असा तुमच्या चिरंजीवांचा, अमेयचा, हुकूम आहे आणि उरलंसुरलं संपवायचं काम घरातल्या धाकट्याकडे, ही रीत तुमच्याच घरची.

टीव्हीवाल्यांनी सांगितलेला भाव मात्र खरा आहे. गेल्या वर्षीच्या वसंतात पाच किलोची पिशवी दोन हजार येनच्या आसपास मिळायची. या मे महिन्यात सुपरमार्केटातली सरासरी ४,२०० येनच्या वर गेली. रुपयांत हिशोब करू नका, असं म्हणणार होते, पण बाबांनी तो कधीच केला असणार. किलोला पाचशेच्या घरात. कामशेतच्या व्यापाऱ्याने यंदा आपली इंद्रायणी काय भावाने उचलली ते आठवून त्यांना काय झालं असेल, ते मला इथे बसून दिसतंय. त्यांना आधी पाणी द्या, मग पुढचं वाचून दाखवा.

झालं असं की २०२३चा उन्हाळा इथे भयंकर तापला. भाताचा दाणा भरला, पण पांढुरका भरला, चांगला माल कमी निघाला. त्यातच गेल्या ऑगस्टमध्ये मियाझाकीकडे ७.१चा भूकंप झाला आणि हवामान खात्याने नानकाई खंदकातल्या महाभूकंपाबद्दल सावधगिरीचा इशारा दिला. असा इशारा पहिल्यांदाच निघाला होता. असं काही कानावर आलं की आपल्याकडे आरडाओरडा होतो, चार माणसं भांडतात, दोन रडतात. इथे कोणी आवाजसुद्धा चढवला नाही. सगळे अगदी शिस्तीत रांगेत उभे राहिले आणि शिस्तीतच त्यांनी दुकान धुऊन नेलं. दुसऱ्या दिवशी फळीवर "एका कुटुंबाला एकच पिशवी" अशी पाटी होती आणि ती एक पिशवीही नव्हती. पाटीवर झाल्या प्रकाराबद्दल क्षमा मात्र मागितलेली होती.

आता बाबांसाठी खास बातमी. सत्तरच्या सुमारापासून इथलं सरकार शेतकऱ्यांना भात कमी लावा म्हणून पैसे देत आलं. लावा म्हणून नव्हे, लावू नका म्हणून! लोक पाव आणि नूडल्स खायला लागले, भात शिल्लक पडायला लागला, म्हणून ही युक्ती. २०१८मध्ये ती कागदोपत्री बंद झाली, पण तोवर शेतकरी म्हातारे झाले होते आणि त्यांची पोरं तोक्योत आमच्या शेजारी राहायला आली होती. आयुष्यभर मावळच्या पावसात गुडघाभर चिखलात आवणी केलेल्या माणसाला हे एकदम सांगू नका. जेवण झाल्यावर सांगा.

मंत्र्यांची गोष्ट तर तुम्हाला आवडेलच. भाव असे आभाळाला भिडलेले असताना कृषिमंत्री एतो भर सभेत म्हणाले, की मी कधी तांदूळ विकत घेतलेलाच नाही, समर्थकच इतका आणून देतात की विकता येईल. तीन दिवसांत खुर्ची गेली. अमेय म्हणाला, आपल्याकडे कुठल्या मंत्र्याने तांदूळ विकत घेतलाय? मी म्हटलं, घेतला नसेल, पण आपले लोक तसं बोलून दाखवत नाहीत, एवढे तरी तयार आहेत.

नवे मंत्री कोइझुमी आले आणि त्यांनी सरकारी कोठारातला तांदूळ दुकानांत आणला, पाच किलोला दोन हजारांच्या आसपास. या कोठाराची कथा मला शेजारच्या आजींनी सांगितली. १९९३चा उन्हाळा इतका थंड गेला की पीक बुडालं, थायलंडहून तांदूळ आणावा लागला आणि त्या लांब, मोकळ्या दाण्याला घरोघरी नाकं मुरडली गेली. पुन्हा ती पाळी नको म्हणून सरकारने तांदूळ साठवून ठेवायची व्यवस्था केली. तोच आता बाहेर आलाय, २०२२चा आणि २०२१चासुद्धा. त्यासाठी अमेय ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून रांगेत उभा राहिला. लग्नाच्या साड्या घेतानाही तो इतका वेळ उभा राहिला नव्हता, हे आपलं जाता जाता.

आणि आई, इथे खरी गंमत आहे. जपान्यांना नव्या तांदळाचं कोण कौतुक! पिशवीवर "नवा" लिहिलेलं असलं की जास्तीचे पैसे. तीन-चार वर्षांचा तांदूळ म्हटल्यावर देशाचा चेहरा पडला. वास येईल का, चव लागेल का, यावर टीव्हीवर चर्चा. एक विरोधी नेते तर म्हणाले, की वर्षभराने हा जनावरांच्या खाद्यातच जायचा. शेवटी मंत्रिमहाशयांना कॅमेऱ्यासमोर वेगवेगळ्या सालांच्या तांदळाचे गोळे खाऊन दाखवावे लागले. मी घरी डबा उघडून बघतच राहिले. नवा तांदूळ जड, त्याचा गिचका होतो, जरा मुरू दे, म्हणून तुम्ही जो कणगीत कोंडून ठेवता आणि बाळंतिणीला नाहीतर आजाऱ्याला तेवढा काढून देता, तो जुना तांदूळ हे लोक निम्म्या किमतीत आणि वर माफी मागून देत होते! टीव्हीवर सांगत होते, शिजवताना त्यात चमचाभर साके घाला. भातात दारू? मी पाणी वाढवलं आणि वरून तूप सोडलं. भात फुलासारखा मोकळा झाला. त्यावर मेतकूट. अमेय तीन वाढण्या जेवला आणि मग महागाईवर बोलला.

महागाईने त्याच्या जिभेचं वळणच बदललंय. जानेवारीत कोबी इतका कडाडला की काही दुकानांत गड्डा हजार येनवर गेला. कटलेटबरोबर कोबी हवा तेवढा फुकट वाढणाऱ्या खाणावळींनीही हात आखडता घेतला. जन्मभर ज्याने कोबीच्या भाजीवरून तुमच्याशी वाद घातला, तो मला म्हणतो, "आज कोबी कर ना, हरभऱ्याची डाळ घालून." मी केली नाही. परवडत नव्हती.

आता भूकंपासाठीच्या साठवणीबद्दल. इथलं सरकार सांगतं, घरात निदान तीन दिवसांचं, जमलं तर आठवड्याचं अन्न ठेवा आणि पाणी माणशी दिवसाला तीन लिटर. तिघांचं आठवड्याचं पाणी त्रेसष्ट लिटर होतं. ते सगळं सईच्या पलंगाखाली आहे. डाळी आमच्या पलंगाखाली. गादीच्या कपाटात रवा, गूळ, गॅसच्या नळकांड्या आणि अमेयने आणलेला आपत्कालीन भात: शिजवून वाळवलेला, गरम पाणी ओतलं की पाव तासात तयार, गार पाण्यात तासाभराने. त्याची किंमत ऐकून मी पोह्यांचा डबा उघडून त्याच्यासमोर ठेवला. भूकंप झाला तर दडपे पोहे करायचे, गॅसही नको, असं माझं ठरलंय. फक्त ओला नारळ आधी आणून ठेवायला हवा, आणि भूकंप तारीख सांगून येत नाही.

कशाची मुदत कधी संपते, याचा अमेयने कॉम्प्युटरवर तक्ता केलाय. जे आधी संपायचं ते आधी खायचं आणि तेवढंच नवं आणून ठेवायचं. त्यामुळे रोज काय जेवायचं ते तक्ता ठरवतो. मंगळवारी तयार उपमा, बुधवारीही उपमा. सई शाळेतल्या जेवणाची वाट बघते.

इथे सध्या पावसाळी दमट हवा आहे, तांदळात सोंडे होतील म्हणून मी धास्तावले होते. कडुनिंबाचा पाला कुठून आणू? आजींनी सांगितलं, डब्यात सुक्या लाल मिरच्या टाक. टाकल्यात. गुण आला तर कळवीन.

कोणी येणार असेल तर त्याच्याबरोबर तांदूळ मात्र पाठवू नका. सोबत रोपं-धान्य तपासणीचा सरकारी दाखला लागतो, नाहीतर विमानतळावर काढून घेतात. आणि आमच्या इथल्या भारतीय दुकानात बासमती मिळतो. पूर्वी तो सणासुदीला आणायचा, आता जपानी तांदळापेक्षा स्वस्त पडतो म्हणून रोजच बिर्याणीच्या तांदळाची खिचडी. पाठवायच्याच तर कुरडया, सांडगे, पापड आणि मेतकूट पाठवा. अमेय म्हणतो, प्रत्येक पुडीवर केल्याची तारीख घाला, तक्त्यात भरायची आहे. मी त्याला सांगितलंय, आईंच्या कुरडयांना मुदत नसते, त्या उन्हाळ्यात घातल्या की दिवाळीच्या आधीच संपतात.

बाबांची गुडघेदुखी कशी आहे ते कळवा. सई तुम्हाला जपानी अक्षरांत वेगळं पत्र लिहिते आहे, ते वाचता आलं नाही तरी आवडलं म्हणून सांगा.

आपली,
सूनबाई

ता. क. बाबांनी अमेयला फोन करून कंटेनरचं भाडं विचारलं, असं आत्ताच कळलं. त्यांना सांगा, ठरलेल्या कोट्याबाहेरच्या तांदळावर इथे किलोला ३४१ येन जकात आहे, म्हणजे इंद्रायणी बोटीतून उतरायच्या आधीच दोनशे रुपयांनी चढते. त्यातूनही भाव जमतो असं ते म्हणतील. जमत असेल तर आमच्या पाच किलोंचं बघा.