कोल्हापूर-सांगली, व्हाया भिवंडी

कोल्हापूरहून सांगली पन्नास किलोमीटरच्या आत. मध्यवर्ती स्टँडवरून एसटी निघते, शिरोली, हेर्ले, हातकणंगले, जयसिंगपूर करत अंकलीला कृष्णा ओलांडते आणि खिडकीतल्या माणसाची डुलकी पुरी व्हायच्या आत कंडक्टर "चला सांगलीऽ" म्हणून ओरडतो. हा रस्ता मी लहानपणापासून बघत आलोय. या रस्त्यावर भिवंडी आणि सांगोला लागतात, ही माहिती मात्र मला माझ्या दुकानातल्या एका चपलांच्या जोडानं दिली.

जोड कोल्हापुरी चपलांचा, कापशी घाटाचा, नऊ नंबरचा. चपला मी करत नाही. त्या करणारे हात सुभाषनगरात आहेत. मी फोटो काढतो, भाव टाकतो, गिऱ्हाइकाच्या "लास्ट किती?"ला उत्तर देतो आणि खोकी चिकटवतो. पूर्वी गिऱ्हाईक चप्पल लाइनीत यायचं, दहा जोड पायात घालून बघायचं, अकराव्यावर घासाघीस करायचं आणि पहिलाच घेऊन जायचं. आता तेच सगळं मोबाइलवर चालतं, फक्त पाय दिसत नाहीत. २०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५च्या जूनमध्ये प्राडानं मिलानच्या रॅम्पवर तशाच चपला घालून पोरं चालवली, तेव्हा आपल्याकडे केवढा गहजब झाला. ढापल्या म्हणून लोक चिडले. मला राग यायच्या आधी प्रश्न पडला, की या वेळेवर पोचल्या कशा? यांचं कुरिअर कुठलं?

तर हा जोड मागवला होता सांगलीच्या गावभागातल्या एका काकूंनी, होणाऱ्या जावयासाठी. जावई धोतर नेसणार होता आणि काकूंची एकच अट होती, मांडवात शिरताना करकर वाजली पाहिजे. लग्नाला भरपूर अवकाश होता. सांगलीला जायचं ते किती! दुसऱ्या दिवशी मिळेल, असं मी छातीठोकपणे सांगून टाकलं.

कुरिअरचा पोरगा आला, खोकं पोत्यात टाकलं आणि गेला. त्याआधी वजनाचा एक विधी असतो. खोकं ३० सेंटिमीटर लांब, २० रुंद, १० उंच. या तिन्हींचा गुणाकार करून त्याला ५०००नं भागायचं, येतात १.२ किलो. चपला काट्यावर त्याहून हलक्या भरतात, पण कंपनी दोन्हींतलं जे जास्त तेच धरते. म्हणजे चपलांबरोबर आत जी हवा बसते, तिचंही तिकीट मी काढतो. कोल्हापूरची हवा चांगली, तिचे पैसे द्यायला माझी ना नाही. ती पुढे कुठे कुठे जाऊन आली, ते कळल्यावर मात्र जरा हेवा वाटला.

संध्याकाळी ट्रॅकिंग उघडलं. "लेबल तयार झाले आहे. पार्सल अद्याप मिळालेले नाही." पोतं तर माझ्या डोळ्यांदेखत गल्लीतून गेलं होतं. रात्री त्यांना ते मिळालं. मग पुणे. पुण्यापर्यंत मी स्वतःची समजूत घातली, कारण महाराष्ट्रातलं काहीही पुण्याला विचारल्याशिवाय होत नाही. त्याच्या पुढची ओळ होती, "भिवंडी केंद्रात आगमन."

काकूंचा फोन आलाच. भाच्यानं त्यांना ट्रॅकिंगची लिंक उघडायला शिकवलं होतं आणि आता त्या जपाची माळ ओढावी तशी ते पान खाली ओढत होत्या.

"अहो, चपला भिवंडीत काय करतायत?"

"काकू, तिथून मार्गी लागतील."

"मार्ग तर इकडं आहे."

यावर उत्तर नव्हतं असं नाही, उत्तर फार लांबचं होतं. ही सगळी तऱ्हा रुळली ती अमेरिकेतल्या मेम्फिसमधून. १९७३च्या एप्रिलमध्ये फेडरल एक्स्प्रेसनं १४ लहान विमानांनिशी धंदा सुरू केला आणि पहिल्या रात्री २५ शहरांसाठी १८६ पार्सलं हलवली. युक्ती अशी, की कुठलंही पार्सल कुठेही जायचं असो, आधी सगळी एका ठिकाणी आणायची, तिथे निवडायची आणि मग आपापल्या गावाला सोडायची. प्रत्येक गावातून प्रत्येक गावाला गाडी पाठवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, आणि हिशेब बिनचूक आहे. यंत्रमागांची भिवंडी आता गोदामांची भिवंडी झाली, तीही अशाच हिशेबांमुळे. पण हिशेब हजारो खोक्यांचा असतो. त्यात एखादं खोकं शेजारच्या घरी जायला निघालेलं असेल, तर त्यालाही चारशेच्या घरात किलोमीटर जाऊन तितकेच परत यावे लागतात. काकूंना मी मेम्फिस सांगितलं नाही. भिवंडीवरच त्या एवढ्या चिडल्या होत्या.

मला वाईट वाटलं ते वेलणकरांसाठी. श्रीराम भिकाजी वेलणकर, केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि वर संस्कृत कवी. एकाच नावाची अनेक गावं, नाना लिप्यांतले पत्ते आणि नाना तऱ्हांची अक्षरं यातून वाट काढायला त्यांनी सहा आकड्यांचा पिन कोड बसवला. १५ ऑगस्ट १९७२ला तो सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा. ४ म्हणजे आपण, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. पहिले तीन आकडे मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा सांगतात. कोल्हापूर ४१६००१. सांगली ४१६४१६. म्हणजे वेलणकरांच्या हिशेबानं आम्ही दोघे एकाच खणातले. खणातल्या खणात इकडची वस्तू तिकडे ठेवायची, तर ती आधी भिवंडीला नेऊन दाखवायची ही सुधारणा मागाहून झाली.

त्याहीआधी डाक पळत न्यायची, तेव्हा हरकाऱ्याच्या काठीला घुंगरं असत. छुमछुम कानावर आली की डाक आली, नाही आली की नाही आली. याहून खात्रीचं ट्रॅकिंग मी अजून पाहिलेलं नाही.

भिवंडीत चपला रमल्या. "केंद्रातून रवाना", लगेच "केंद्रात आगमन", पुन्हा "रवाना", आणि तिन्ही वेळा भिवंडीच. दारापर्यंत जाऊन छत्री विसरली म्हणून परत येत असाव्यात. मग दोन दिवस शब्द नाही. काकू "अहो"वरून "अरे"वर आल्या, माझ्या आईचं माहेर विचारून झालं आणि त्या मला चपलांच्या तब्येतीची चौकशी केल्यासारखं विचारू लागल्या, "काही कळलं का रे?" आणि एका सकाळी कळलं. "सांगोला केंद्रात आगमन."

सांगोला सोलापूर जिल्ह्यात. पिन ४१३३०७. मी बराच वेळ ४१६ आणि ४१३ शेजारी शेजारी लिहून बघत बसलो. ६ आणि ३ एकमेकांकडे पाठ करून बसलेले दिसतात. तेवढ्यानं झालं असेल का? यंत्र आकडे वाचत नाही, रेघा वाचतं, हे मला माहीत आहे. पण रेघा चिकटवणारा माणूसच असतो आणि त्याला रात्रपाळी असते.

काकूंनी बातमी फार शांतपणे घेतली. "सांगोल्याला गेल्यात ना? मग पंढरपूर कितीसं राहिलं? दर्शन घेऊनच येऊ देत म्हणावं."

मदत केंद्रात माणूस नव्हता, चॅट होतं. मी लिहिलं, "सांगोला नाही, सांगली." ते म्हणालं, "आपल्या असुविधेबद्दल खेद आहे. कृपया २४ ते ४८ तास वाट पाहावी." मी लिहिलं, "परवा लग्न आहे." ते म्हणालं, "अभिनंदन!" आणि नवीन पार्सल बुक करायचं का, असं विचारलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी दुकानातला दुसरा कापशी जोड उचलला, पिशवीत घातला आणि एसटीत बसलो. शिरोली, हेर्ले, हातकणंगले. शेजारच्या आजोबांनी पिशवीत डोकावून "भारी हाय" म्हटलं आणि भाव विचारला. जयसिंगपूर येईपर्यंत त्यांनी तो निम्म्यावर आणला होता. ऊन, उसाच्या ट्रॉल्या, अंकलीचा पूल. सांगली. चपला पायाशी तशाच, कुठे आगमन नाही की रवाना नाही.

वाटेत म्हटलं, कंपनीचं गोदाम बघून तरी यावं. गावाबाहेर औद्योगिक वसाहतीत पत्र्याची शेड. आत मिक्सर, गुंडाळलेल्या गाद्या, कुणाच्या तरी मोटारसायकलचा आरसा, लग्नाच्या पत्रिकांचा गठ्ठा. मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर एक पोरगा. त्याच्या हातातल्या स्कॅनरचं मागचं झाकण गेलेलं, बॅटरी पडू नये म्हणून तिला दुधाच्या पिशवीचं रबर दुहेरी गुंडाळलेलं. मी नंबर सांगितला. त्यानं तो टाइप केला.

"सर, हे सांगोल्याला हाय."

"ते तुमच्या मागं आहे."

खरंच होतं. माझी पिवळी टेप, माझ्या हातचं मार्करनं लिहिलेलं "सांगली", त्याला खाली दोन रेघा. पोरानं वळून पाहिलं, खोक्यावर थाप मारली.

"हाय की."

"मग द्या."

"कसं देऊ सर? सिस्टिममधी सांगोल्यात हाय."

"अहो, पण हे बघा ना, इथं आहे."

"मला दिसतंय की. सिस्टिमला दिसंना." त्यानं माझ्या समाधानासाठी लेबलवर स्कॅनर धरला. टूंऽ झालं, लाल दिवा लागला. "बघा. चुकीचं केंद्र. आधी सांगोल्यानं सोडलं पायजे."

"सांगोल्याकडं नाहीच, तर ते सोडतील कसं?"

"तेच की. म्हणून तर हितं पडून हाय." आता तो मला समजावण्याच्या सुरात आला. "काळजी करू नगा. सांजच्या गाडीनं सांगोल्याला लावून देतो. तिकडं एकदा जाऊन आलं की सगळं बरोबर हुतंय."

माणूस चांगला होता, बोलणंही बरोबर होतं. ट्रॅकिंगमध्ये जो प्रवास होऊन गेला होता, तो चपलांनी अजून केलाच नव्हता. आता तो प्रत्यक्ष करून कागद खरा करायचा होता. मी खोक्यावर हात ठेवला, पंढरपूरच्या दिशेला नमस्कार केला आणि गावभागात गेलो.

काकूंच्या दारात मांडव पडला होता, तोरण लागलं होतं, दार सताड उघडं आणि त्यातून माणसं नुसती आत-बाहेर. मला भडंग आणि चहा मिळाला. काकूंनी दोन्ही चपला हातात धरून वाकवल्या आणि कानाशी नेऊन करकर ऐकली. मग मोबाइल माझ्यापुढे धरला. नवी ओळ आली होती. "वितरणाचा प्रयत्न केला. दार बंद होते."

"घरात साठ माणसं आहेत," काकू म्हणाल्या. "कुणालाच दार सापडलं नसेल का रे?"

लग्न झालं. जावई मांडवात करकर वाजवत शिरला, असा फोनवर वृत्तान्त आला. नंतर सगळे विसरून गेले असताना पहिला जोडही गावभागात पोचला. खोक्याचा एक कोपरा चेपला होता, लेबलवर लेबल चढून त्याची जाडी वाढली होती. ट्रॅकिंगवर तो तेव्हाही सोलापुरातून निघत होता. काकूंनी फोन केला.

"तुझं ते पंढरपूरकर आलं बघ."

"परत पाठवा काकू, पैसे तुम्हाला लागणार नाहीत."

"परत कशाला? व्याह्यांनाही नऊच नंबर होतो. ठेवून घेतलाय, पैसे टाकते. आणि मिरजेला माझ्या बहिणीला आठ नंबर हवाय."

"पत्ता द्या, उद्याच पाठवतो."

"पाठवतोस कशाला रे? मिरजेला रेल्वे जाते की. तूच घेऊन ये, तिच्याकडे जेवूनच जा."