सेकंदांचा सावकार

मोटार-क्रीडेच्या हौशी शाखेत, म्हणजे जिथे स्पर्धक प्रवेशशुल्क पदरचे भरतो, घरातली रोजच्या वापराची गाडी शर्यतीला काढतो आणि रविवारी कसाही निकाल लागला तरी सोमवारी कचेरीत हजर होतो अशा शाखेत, एक विशिष्ट मनुष्यप्रकार आढळतो, आणि मुंबई, पुणे व नाशिक या पट्ट्यात तर त्याला तोटा नाही. वेग हे त्याचे व्यवच्छेदक लक्षण नव्हे, कारण ज्या स्पर्धेत तो उतरतो तिच्यात वेगाला बक्षीस नसते. त्याचे लक्षण वसुली हे होय. जगाने आपले काही सेकंद थकवले आहेत आणि ते मागण्याचा आपल्याला जन्मसिद्ध हक्क आहे, या श्रद्धेवर त्याचे सारे क्रीडाजीवन उभे असते, म्हणून प्रस्तुत लेखात त्याला सेकंदांचा सावकार असे म्हटले आहे.

त्याचे कार्यक्षेत्र म्हणजे टीएसडी रॅली. टाइम, स्पीड आणि डिस्टन्स या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून ओळखली जाणारी ही स्पर्धा वाहतुकीला खुल्या असलेल्या रस्त्यांवर, कायद्याच्या वेगमर्यादेत राहून खेळली जाते आणि तिच्यात सर्वांत आधी पोहोचणारा जिंकत नाही, तर ठरलेल्या क्षणी पोहोचणारा जिंकतो. आयोजक स्पर्धकाला एक रोडबुक देतात. त्यात प्रत्येक वळणाची छोटी रेखाकृती असते, जिला हॉलंडमध्ये 1949 पासून होत आलेल्या ट्यूलिप रॅलीवरून ट्यूलिप म्हणतात, आणि कोणत्या टप्प्यात सरासरी किती वेग राखायचा हेही त्यात नमूद असते. समजा हा वेग ताशी 36 किलोमीटर आहे. तर गाडीने दर सेकंदाला बरोबर 10 मीटर कापले पाहिजेत आणि 18.6 किलोमीटरच्या टप्प्याला बरोबर 31 मिनिटे लागली पाहिजेत, मग वाटेत शेळ्यांचा कळप येवो, लाल डब्याची एसटी येवो की वरात येवो. ही 31 मिनिटे झाली की नाही हे पाहण्यासाठी मार्गावर काही ठिकाणी, आधी न सांगता, वेळ-नियंत्रण नाके मांडलेले असतात. त्यांना टाइम कंट्रोल किंवा नुसते टीसी म्हणतात. उशिरा आल्यास सेकंदागणिक दंडगुण मिळतात आणि अनेक नियमावल्यांत लवकर आल्यास त्याहून जास्त मिळतात. घाईला दिरंगाईपेक्षा कडक शिक्षा असलेले क्षेत्र महाराष्ट्रात बहुधा हे एकच असावे.

नाक्यावर जो बसतो त्याला मार्शल म्हणतात. तो पगारी नसतो. कधी तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातला विद्यार्थी असतो, कधी क्लबाचा जुना सभासद, कधी बँकेतून निवृत्त झालेले आणि गाड्यांचे वेड न सुटलेले एखादे काका. पहिली गाडी सव्वानऊला येणार असेल तर त्याला त्याआधी तास-दीड तास जागेवर असावे लागते. त्यासाठी घर सोडताना बाहेर अंधार असतो. तो एक पिवळी पाटी रोवतो, तिथपासून नियंत्रण-क्षेत्र सुरू होते. त्यापुढे थोड्या अंतरावर लाल पाटी रोवतो, जिथे गाडीने थांबायचे असते. आणि मग एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, क्लिपबोर्डाला लावलेला नोंदतक्ता मांडीवर घेऊन, आदल्या संध्याकाळी सर्वांसोबत सेकंदापर्यंत जुळवून घेतलेले घड्याळ डोळ्यांसमोर धरून बसतो. सोबत पाण्याची बाटली असते आणि न्याहारीचे एक पाकीट असते, ज्यातला उपमा गाड्यांच्या ओघात साडेअकरापर्यंत तसाच राहतो. गाडी आली की तो क्षण पकडायचा, नोंदतक्त्यात लिहायचा, स्पर्धकाच्या टाइम कार्डावर लिहायचा, सही करायची आणि पुढच्या गाडीकडे पाहायचे, कारण ती मिनिटभराने येणारच असते. दुपारी शेवटची गाडी गेल्यावर पाट्या उपटून त्या पाठीमागून येणाऱ्या आयोजकांच्या गाडीत टाकायच्या, एवढे झाले की त्याचा दिवस संपला.

सावकाराचा या मनुष्याशी संबंध जेमतेम वीस सेकंदांचा येतो, परंतु त्या वीस सेकंदांत त्याच्या स्वभावाचे सगळे पैलू दिसू शकतात. पहिला पैलू पिवळ्या पाटीच्या अलीकडचा. नाक्याच्या दृष्टिपथात गाडी उभी करून वेळ काढू नये, असा नियम सहसा असतो. सावकार तो पाळतो. तो गाडी उभी करीत नाही, तो ती अशा गतीने पुढे नेतो की शेजारून जाणारी म्हैस त्याला ओलांडून जाते. गाडी हलत आहे हे कोणीही शपथेवर सांगू शकेल आणि ती चालत आहे असे कोणीही म्हणणार नाही, या दोहोंमधल्या अवस्थेवर त्याने विलक्षण प्रभुत्व मिळवलेले असते. त्याला हटकले, तर रस्त्यात खड्डा होता असे उत्तर मिळते, आणि महाराष्ट्रातल्या कोणत्याही रस्त्याबाबत हे विधान खोडून काढणे अवघड आहे.

दुसरा पैलू लाल पाटीपाशी प्रकट होतो. मार्शलने कार्डावर 9 वाजून 31 मिनिटे 19 सेकंद असे लिहिलेले असते आणि सावकाराच्या मते ते 31 मिनिटे 00 सेकंद असायला हवे. इथे त्याची संबोधने अभ्यासनीय आहेत. कार्ड हातात देताना मार्शल ‘बॉस’ असतो. आकडा वाचल्यावर तो ‘अरे ए’ होतो. निवृत्त काका असतील तर ‘ओ काका, चष्मा लावा जरा’ होतो. आणि मुलगी असेल तर ‘मॅडम, तुम्हाला कुणी शिकवलं का नाही?’ असा प्रश्न येतो, ज्यातले ‘मॅडम’ आदरार्थी नसते हे ऐकणाऱ्यास लगेच कळते. यानंतर ‘इन्चार्ज कोण आहे?’ हा प्रश्न आणि त्यापाठोपाठ ‘मी किती वर्षं रॅली करतोय माहितीय का?’ हा उपप्रश्न. मार्शलला ते माहीत नसते, आणि माहीत असले तरी 19 सेकंदांत फरक पडत नाही. दरम्यान मागे दोन गाड्या येऊन थांबलेल्या असतात, त्यांची वेळ पकडायची असते, आणि मार्शलचे लक्ष ढळून त्यांच्या नोंदीत खरोखरच चूक झाली, तर त्या चुकीचा दाखला सावकार संध्याकाळी ‘बघा, ह्यांची घड्याळंच चुकतात’ म्हणून देतो.

घड्याळासंबंधीचे त्याचे तत्त्वज्ञान असे की यंत्र ज्याच्या हातात आहे त्याच्या दर्जाप्रमाणे चालते. वास्तविक ते 19 सेकंद कोठून आले हे शोधणे अशक्य नसते. रॅलीच्या आरंभी काही किलोमीटरचा एक पट्टा मोजमाप जुळवण्यासाठी दिलेला असतो, त्याला ओडो चेक म्हणतात. आयोजकांच्या गाडीने मोजलेले अंतर आणि आपल्या गाडीच्या मापकाने दाखवलेले अंतर यांतला फरक तिथे काढून पुढे सर्वत्र लावायचा असतो. टायर झिजलेला असला, किंवा त्यात हवा कमी असली, तर चाकाचा प्रभावी घेर घटतो, तेवढ्याच अंतरात त्याचे फेरे वाढतात आणि मापक खऱ्यापेक्षा जास्त अंतर दाखवतो. हा फरक अवघा एक टक्का असला तरी 18.6 किलोमीटरांत तो सुमारे 186 मीटर होतो, आणि सेकंदाला 10 मीटर या हिशेबाने जवळजवळ 19 सेकंद. सावकाराने ओडो चेकच्या पट्ट्यात चहा घेतलेला असतो. परंतु टायरशी भांडता येत नाही आणि मार्शलशी येते, हा त्याच्या दृष्टीने निर्णायक मुद्दा होय.

या वर्तनाच्या मुळाशी दुष्टपणा आहे असे मानणे अन्यायाचे होईल. हाच मनुष्य वाटेत दुसऱ्याची गाडी गटारात गेली तर दोर काढून थांबतो आणि आपली स्पर्धा सोडून देतो, हे अनेक रॅलींत दिसून आलेले आहे. त्याचा घोटाळा वेगळा आहे: त्याने शुल्क भरलेले असते आणि शुल्क भरल्यावर समोर जो बसतो तो खिडकीवरचा कारकून, अशी त्याची आयुष्यभराची समजूत असते. पैसे न घेता उन्हात बसणारा मनुष्य त्याच्या अनुभवविश्वात बसतच नाही, म्हणून त्याला तो एक तर हलका नोकर समजतो किंवा लपलेला शत्रू. नाका झाडाआड असतो, ही गोष्ट दुसऱ्या समजुतीला बळ देते.

नियमशास्त्र त्याला अवगत नसते असे नाही, उलट ते त्याला निवडक प्रमाणात तोंडपाठ असते. 1904 साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या एफआयए या जागतिक संघटनेची क्रीडासंहिता आणि 1971 पासूनच्या एफएमएससीआय या भारतीय महासंघाचे नियम यांचा आधार तो पदोपदी घेतो. स्पर्धा प्रत्यक्ष चालवणारा प्रमुख तो क्लर्क ऑफ द कोर्स, निवाडा करणारे ते स्टुअर्ड, गाडीची तपासणी करणारा तो स्क्रुटिनियर, ही उतरंड त्याला ठाऊक असते. मात्र हरकत, म्हणजे प्रोटेस्ट, लेखी द्यावी लागते आणि तिच्यासोबत ठरलेली रक्कम भरावी लागते, जी हरकत मान्य झाली तरच परत मिळते, या कलमापाशी त्याचे पाठांतर अडखळते. तोंडी हरकतीला पैसे पडत नसल्यामुळे तो तोंडी हरकतीचा पुरस्कर्ता आहे. मार्शलवर ओरडणे हा त्याच अर्थाने काटकसरीचा प्रकार म्हणावा लागेल.

आंतरराष्ट्रीय दाखलेही त्याच्यापाशी तयार असतात, आणि सर्वांत लाडका दाखला 1998 सालच्या सिल्व्हरस्टोनचा. त्या ब्रिटिश ग्रां प्रीमध्ये मिखाएल शूमाखरला दिलेला दहा सेकंदांचा दंड पंचांनी मुदत उलटून गेल्यावर आणि संदिग्ध शब्दांत कळवला, शूमाखर तो भोगायला शेवटच्या फेरीत पिटमध्ये शिरला आणि तिथेच अंतिम रेषा ओलांडून विजयी ठरला, आणि दंड पुढे रद्द झाला. पंच चुकतात याला यापेक्षा भक्कम पुरावा मिळणार नाही. त्या तिन्ही पंचांनी नंतर आपले परवाने परत केले, हा उत्तरार्ध सावकार सांगत नाही; आपली चूक कबूल करून परवाना परत करण्याची पद्धत स्पर्धकांतही असावी काय, असा प्रश्न कोणी विचारील अशी धास्ती त्याला असावी. 2018 साली ब्राझीलच्या शर्यतीनंतर मॅक्स व्हर्स्टापेनने एस्तेबान ओकोनला धक्के मारले तेव्हा त्याला दोन दिवस सार्वजनिक सेवेची शिक्षा झाली, आणि तिचा एक भाग म्हणून त्याने 2019 च्या जानेवारीत मराकेशला फॉर्म्युला ई स्पर्धेच्या पंचांसोबत बसून त्यांचे काम पाहिले. हा दाखला सावकाराला माहीत असतो, पण आयोजकांना माहीत नसावा अशी त्याची इच्छा असते.

फॉर्म्युला वनसारख्या बड्या शर्यतींतही कडेला झेंडे आणि अग्निशामक घेऊन उभे असणारे लोक बहुतांशी बिनपगारीच असतात. 2000 साली मॉन्झा येथे पाओलो गिसलिंबेर्ती आणि 2001 साली मेलबर्न येथे ग्रॅहम बेव्हरिज हे दोघे मार्शल अपघातग्रस्त गाडीचे चाक उडून अंगावर आल्याने मृत्युमुखी पडले. टीएसडीच्या मार्शलला असा धोका सहसा नसतो. त्याच्या वाट्याला ऊन, डास, गावातली कुत्री आणि सावकार येतात.

सावकाराच्या शेजारच्या आसनावर एक उपेक्षित व्यक्ती बसते, तिला नॅव्हिगेटर म्हणतात. रोडबुक वाचणे, अंतर आणि वेळ यांचा मेळ घालणे आणि ‘आता हळू’, ‘आता सोड’ असे सांगत राहणे हे तिचे काम. ती पत्नी, मेहुणा किंवा कचेरीतला कनिष्ठ सहकारी असते, म्हणजे उलट बोलण्याची सोय कमी असलेली कोणीतरी. यांतली पत्नी ही निवड अनेकदा चुकीची ठरते. लाल पाटीपाशी सावकार काच खाली करून गरजत असताना पलीकडच्या खिडकीतून नॅव्हिगेटरचा हात हळूच बाहेर येतो, कार्ड घेतो, आणि ती ‘बरोबर आहे हो, आम्हीच लेट आहोत’ असे मार्शलला मान हलवून सांगते. रॅली-व्यवस्थेचा बराचसा भाग या मान हलवण्यावर तग धरून आहे.

संध्याकाळी हॉटेलच्या सभागृहात तात्पुरता निकाल भिंतीवर चिकटवला जातो आणि त्यावर हरकती घेण्यासाठी ठरावीक वेळ दिलेला असतो. सावकार चौथा असेल तर तो सारा वेळ फलकासमोर उभा राहून इतरांच्या आकड्यांचे लेखापरीक्षण करतो. तेवढ्यात वरच्या एका स्पर्धकाची एक नोंद तपासली जाते, त्याला दंडगुण वाढतात आणि सावकार तिसरा होतो. सकाळी ज्यांची घड्याळे चालत नव्हती त्यांच्याच तक्त्यावरून हा बदल झालेला असतो, आणि व्यासपीठावर करंडक घेताना तो ‘मार्शल्सनी फार अचूक काम केलं’ असे ध्वनिक्षेपकावरून मनापासून सांगतो. उन्हाने काळवंडलेले ते काका शेवटच्या रांगेत जेवणाचे ताट घेऊन बसलेले असतात. टाळ्या वाजवायला हात मोकळे नसतात म्हणून ते ताट मांडीवर ठेवतात.

पुढच्या रॅलीपर्यंत सावकार पुष्कळ सुधारणा करतो. टायर नवे येतात, हजारो रुपयांचे अंतरमापक बसते, उपग्रहावरून चालणारे घड्याळ येते आणि नॅव्हिगेटर बदलला जातो. मार्शल तेवढे तेच असतात, कारण त्यांच्या जागी बसायला दुसरे कोणी तयार होत नाही.