तीन मोजेपर्यंत

‘गॉड ऑफ वॉर’ या व्हिडिओ गेममधला क्रेटोस हा चारचौघांत बसवण्याजोगा इसम नाही. २००५ साली प्लेस्टेशनवर अवतरलेला हा स्पार्टन सेनापती जो सुटला तो सुटलाच. अंगावरची पांढरी राख त्याच्याच बायको-मुलीची. युद्धदेव एरीजने कपटाने त्यांची हत्या त्याच्याच हातून घडवली. मग सूड. २०१०च्या तिसऱ्या भागात त्याने ऑलिम्पसवरचं जवळजवळ अख्खं देवघर रिकामं केलं. सूर्यदेव हेलिओसचं मुंडकं उपटून त्याचा कंदील केला, हर्मीसचे पाय तोडून बूट पळवले. काही वाया घालवायचं नाही, एवढा एक संस्कार तेवढा शाबूत!

असा हा प्राणी हल्ली कुस्त्या खेळताना दिसतो. डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती कंपनीच्या गेममध्ये आपला पैलवान आपणच घडवता येतो, आणि २००९पासून तो ऑनलाइन इतरांना देताही येतो. कुणी हौशी जीव रात्र जागवून क्रेटोसचं टक्कल, दाढी, डाव्या डोळ्यावरून दंडापर्यंत उतरलेला तांबडा पट्टा निगुतीने रंगवतो, त्याला अंडरटेकर या नामांकित पैलवानासमोर उभा करतो आणि दोघांनाही संगणकाच्या हवाली करून मजा बघत बसतो.

मजा अशी की, आपल्या नेहमीच्या साखळदंडाच्या तलवारी घरी ठेवून आलेला क्रेटोस इथे भलताच शहाण्यासारखा वागतो. समोरच्याचा पाय पिरगाळताना त्याचा हात दोराला लागला की पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेला पंच मोजायला लागतो, आणि ज्याने देवांचा राजा झ्यूसलाही जुमानलं नाही तो पाच व्हायच्या आत मुकाट्याने पकड सोडतो.

तसा स्पार्टन माणूस आखाड्यात उपरा नव्हे. ऑलिंपियात मुलांची कुस्ती पहिल्यांदा झाली इ. स. पूर्व ६३२मध्ये, आणि ती जिंकली हिपोस्थेनीस नावाच्या स्पार्टन पोराने. पुढे मोठ्यांच्या गटातही त्याने पाच वेळा बाजी मारली. मात्र हात वर करून हार पत्करावी लागते असले खेळ कायदेकर्ता लायकर्गसने स्पार्टाला वर्ज्य केले होते, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. त्यामुळे कुणी मानेला विळखा घातल्यावर आमचा क्रेटोस जेव्हा मॅटवर थापा मारून ‘हरलो बुवा’ म्हणतो, तेव्हा त्याचे पूर्वज कपाळाला हात लावत असतील.

पण मला तो तिथेच आवडतो. आपल्या लाल मातीत पाठ टेकली की चितपट, विषय संपला. इथे पाठ टेकल्यावरही पंच तीन मोजेपर्यंत खांदा उचलायची सवड असते, आणि मोजून झालं तरी हरलेला पुढच्या सामन्याला ठणठणीत हजर. त्याच्या स्वतःच्या गेममध्ये ही सोय नाही. तिथे शेवटी तो झ्यूसला नुसत्या बुक्क्यांनी बडवतो. पडदा रक्ताने पूर्ण लाल होतो, काही दिसेनासं होतं, तरी बटण दाबत राहाल तोवर बुक्के चालूच. थांबायचं कधी, हे खेळणाऱ्यानेच ठरवायचं. मोजणारं कुणी नाही.

ऑलिम्पसवर एखादा पगारी पंच नेमला असता तर बरीच भांडणं दोराशीच सुटली असती, आणि २०१८ साली क्रेटोसला थेट नॉर्स देवांच्या मुलखात बिऱ्हाड हलवावं लागलं नसतं.