वणव्याची डॉक्टरकी

मिसुला, मोंटाना

तीर्थरूप बाबा आणि आई,


बारकीला इकडे येऊन वणव्यावर संशोधन करायचंय म्हटल्यावर बाबा म्हणाले म्हणे, ‘त्यासाठी अमेरिका कशाला? चैत्रात आलापल्लीला पाठवतो, फुकटात बघ!’

बाबा, तुम्ही वनरक्षकाच्या नोकरीत हिरव्या फांद्यांनी वणवे झोडपत हयात घालवलीत. इथल्यांनीही तेच केलं. 1910 साली मोंटाना-आयडाहोत सुमारे 30 लाख एकर जंगल जळालं. त्या धसक्याने पुढे, 1935 मध्ये, हुकूमच निघाला: दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी 10 पर्यंत आटोक्यात! पाचोळा साठत गेला, आणि आता पेटलं की आवरत नाही. म्हणून हल्ली तीच मंडळी बेताने जाळायला शिकवतात. इथल्या प्रयोगशाळेत तर बंद दालनात काडीकचरा पेटवून मोजमापं घेतात. तुमची सून म्हणते, ‘यांनी सरकारी खर्चाने ढीग पेटवावेत, आणि मला घरमालक उदबत्ती लावू देत नाही!’

आपल्याकडे मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणून आग लावतात, हे मी प्राध्यापकांना सांगितलं. त्यांनी वहीच काढली. कोणत्या महिन्यात? किती पसरते? त्याच जागी पुन्हा कधी? मी गप्प. देहरादूनहून वनखात्याच्या मोबाइलवर येतो तो उपग्रहाला दिसलेला ठिपका, बारीकात बारीक म्हणजे 375 मीटरचा चौकोन. आग कुणी लावली आणि कशासाठी, हे ठिपक्याला कुठलं माहीत?

आई, मी इथे शिकतो ती लँडस्केप इकॉलॉजी म्हणजे तुझी गोधडी समज. कुठे सागाचा तुकडा, कुठे बांबूचा, कुठे धानाच्या बांध्या, मधे जाळरेषेची शिवण. आग कुठे अडते, ताडोबाचा वाघ कुठून गडचिरोलीकडे सरकतो, ते शोधायचं.

बारकीला सांगा, अर्जाआधी प्राध्यापकांना लिही. मुदती बहुधा डिसेंबर-जानेवारीत संपतात. असिस्टंटशिप मिळाली तर बहुतेक ठिकाणी फी माफ, वर महिन्याला पैसे. पण त्या प्राध्यापकांच्या प्रकल्पात जागा हवी. ‘मला लहानपणापासून निसर्गाची आवड’ हे लिहू नकोस, ते सगळेच लिहितात. प्रश्न लिही: मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, तशा गावांच्या रानात आग कमी लागते का? दरसाल जळणाऱ्या रानात सागाची रोपं तगतात का?

आणि बाबा, धुरावरून तुम्ही सांगायचात ना, ही मोहाची आग की तेंदूची? या हंगामात तिला सोबत न्या, सगळं लिहून घेऊ द्या. फक्त नावं नकोत. जंगलात आग लावणं 1927 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि यादीत पहिली आपली मावशीच निघायची.

तुमचा,
बाळ्या