डी म्हणजे आश्लेषा

क्वीन्सला लेकीकडे उतरलो त्या दिवसापासून घरात लगीनघाई आहे. टेबलावर फायली, फ्रिजवर तारखा आणि जेवताना एकच विषय : अमुक स्थळ चांगलं पण लांब, तमुक जवळ पण माणसं कशी आहेत कोण जाणे. नवरदेव तेरा वर्षांचे आहेत आणि या सगळ्या वेळात फोनवर बुद्धिबळ खेळत असतात.

न्यूयॉर्कमध्ये आठवीतल्या मुलाला सरकारी हायस्कूल आपोआप मिळत नाही. शहरात अशी ४००च्या वर हायस्कुलं आहेत. त्यांतली हवी ती निवडायची, पसंतीक्रम लावायचा आणि डिसेंबरच्या सुरुवातीला अर्ज भरायचा. निकाल मार्चमध्ये. मधले तीन महिने घरच्यांनी एकमेकांशी काय बोलायचं, याची सूचना अर्जात नाही.

लगीनघाई हा शब्द मी उगाच वापरला असं समजू नका. शाळा आणि मुलं जुळवण्याचं हे गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोघांनी १९६२ साली मांडलं, तेव्हा त्यांच्या लेखाच्या मथळ्यातच कॉलेजप्रवेश आणि विवाहाचं स्थैर्य शेजारी शेजारी बसले होते. २००३च्या सुमारास अल्विन रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते या शहराला लावून दिलं. त्याआधी दरवर्षी तीसेक हजार मुलं यादीत नसलेल्या शाळेत जाऊन पडत, म्हणजे सुधारणा झाली हे कबूल. रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२मध्ये अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. रॉथ यांनी किडन्यांच्या अदलाबदलीचंही गणित बसवून दिलं आहे. ते सोपं गेलं असणार. किडनीला आईवडील नसतात.

पद्धत अशी. मुलगा पहिल्या पसंतीच्या दारात जातो. शाळा हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही, बसवून ठेवते. याच्याहून बरं स्थळ आलं की याला नारळ. मग हा दुसऱ्या दारात, तिथे आधीच बसलेल्या कुणाला तरी उठवून. सगळे कुठे ना कुठे टेकले की एकदम सुपाऱ्या फुटतात. आमच्या डोंबिवलीच्या वधूवर सूचक मंडळात वर्षानुवर्षं हेच चालायचं, पण स्टॉकहोमहून कधी कुणी चौकशीला आलं नाही.

या पद्धतीची मोठी खुबी म्हणजे तिथे लबाडी चालत नाही. मनातली पसंती मनातल्याच क्रमानं लिहायची, एवढंच. आपल्याला कितव्या क्रमांकावर ठेवलंय हे शाळेला दिसतच नाही. पण आमच्या घरात हे कुणाला पटेल तर शपथ! जावयांचं म्हणणं, ‘इतकं सरळ कसं असेल? काहीतरी मेख असणार.’ हा माणूस बारावीनंतर चार प्रवेश परीक्षा देऊन अमेरिकेला पोचला आहे. खरं बोलून जागा मिळते, हे त्याला आता कोण शिकवणार?

शिवाय पत्रिका आहेच. प्रत्येक मुलाला संगणक एक लॉटरी क्रमांक देतो, ३२ खुणांचा, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिसळलेला. गुण बघणाऱ्या शाळा सातवीचे इंग्रजी, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्राचे गुण घेऊन मुलांचे गट पाडतात. एका गटात जागांपेक्षा मुलं जास्त झाली की हा क्रमांक निकाल लावतो. शून्यानं सुरू झाला तर राजयोग, एफनं सुरू झाला तर साडेसाती. आमचा डीनं सुरू होतो. म्हणजे शंभरातली ऐंशीहून जास्त मुलं आमच्या पुढे. लेक गप्प बसली. आमच्या हिनं चष्मा लावला, बोटं मोजली आणि म्हणाली, ‘अहो, डी म्हणजे आश्लेषा. सासूला वाईट.’ इथे सासू कोण, यावर दोन दिवस चर्चा झाली. शिक्षण खातं, असं शेवटी ठरलं.

आठ शाळा मात्र पत्रिका बघत नाहीत, गुणही नाही, चेहराही नाही. स्टायव्हसंट, ब्राँक्स सायन्स, ब्रुकलिन टेक वगैरे. तीन तासांची एक परीक्षा, बस्स. १९७१ साली राज्यानं तसा कायदाच करून ठेवला आहे. २५ हजारांवर मुलं बसतात, जागा मिळते साधारण ४ हजारांना. परीक्षा सर्वांना सारखी, म्हणून न्याय सर्वांना सारखा, असं सांगतात; क्लासची फी तेवढी ज्याची त्यानं भरायची. २०१९मध्ये स्टायव्हसंटनं ८९५ मुलांना बोलावलं, त्यांत कृष्णवर्णीय सात. महापौरांनी आदल्याच वर्षी परीक्षा बंद करण्याचा प्रस्ताव मांडला होता, पण कायदा राज्याचा, त्यामुळे परीक्षा जागेवर राहिली. त्या दहा मजली शाळेत वरच्या वर्गांतली पोरं नवख्यांना अकराव्या मजल्यावरच्या तलावाचे पास विकतात, अशी जुनी ख्याती आहे. मला सगळ्या प्रकारात तेवढाच व्यवहार उघड वाटला.

नातवानं परीक्षा दिली. कशी गेली विचारलं तर ‘गेली’ म्हणाला.

मग बघण्याचे कार्यक्रम. मीही दोन-तीन ठिकाणी गेलो. रांगेत ताटकळायचं, आत मुख्याध्यापकांनी हसायचं, पालकांनी वहीत उतरवायचं, आणि ज्याच्यासाठी सगळं चाललंय त्यानं बुटाच्या टोकाकडे बघायचं. थेट कांदेपोहे, फक्त पोहे नाहीत.

अर्जाच्या आदल्या रात्री मी त्याला एकट्याला गाठलं. ‘तुला कुठली आवडली?’

‘यादीत पाचवी आहे ती.’

‘का रे?’

‘आम्हाला फिरवणारा मुलगा म्हणाला, इथलं जेवण भिकार आहे. बाकी सगळीकडे सगळं छानच होतं, आजोबा.’

मी हे लेकीच्या कानावर घातलं. ती म्हणाली, ‘बघू, बाबा.’ जावयांनी यादी एकदा वरून खाली वाचली, एकदा खालून वर वाचली आणि बटण दाबलं. पाचवी पाचवीच राहिली.

‘भिकार म्हणजे कसं?’ हिनं स्वयंपाकघरातून विचारलं, आणि डब्याची झाकणं लागतात का ते बघायला घेतलं.