कृतीतून शिक्षण, जॉबवर्कवर

हल्ली परदेशातल्या वर्गांत टेबलांना चाकं असतात. तास सुरू झाला की मुलं ती ढकलत नेऊन गोल करतात आणि चर्चेला बसतात. आमच्या कॉलेजातली बाकं जमिनीला नटबोल्टनं जखडलेली आहेत. कारण पूर्वीची मोकळी बाकं एकदा गॅदरिंगच्या मांडवात गेली, ती परत आलीच नाहीत. विद्यार्थिकेंद्री अभ्यासक्रम आखायला घेण्याआधी मला एवढं आठवलं असतं तरी पुरे होतं. पण ज्या कार्यशाळेत मला हा झटका आला तिथे एसी होता, चहाबरोबर क्रीमची बिस्किटं होती आणि पडद्यावर हार्वर्डचे एरिक माझुर होते.

माझुर भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. आपली मुलं परीक्षेतली अवघड गणितं सोडवतात, पण साधा प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत विचारला की गडबडतात, हे १९९० च्या आसपास त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी वर्गात भाषण ठोकणं कमी केलं. प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं आपापलं उत्तर निवडायचं, शेजाऱ्याशी वाद घालायचा, पुन्हा निवडायचं. वाद घातल्यावर बरोबर उत्तरं वाढतात. मला हे ऐकताना भरून आलं. वर्गात शेजाऱ्याशी बोलणं ही शिक्षणपद्धती असेल, तर आमच्या कॉलेजात ती केव्हापासूनच रुजलेली होती.

मी अर्थशास्त्र शिकवतो, उल्हासनगरात, कॅम्प ५ मध्ये, वाणिज्य शाखेला. तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास, तितके पैसे. सुट्टी पडली की सरस्वतीपाठोपाठ लक्ष्मीचीही सुट्टी. राहतो बदलापुरात. पहाटेची लोकल, अंबरनाथला उतरायचं, शेअर रिक्षात चालकाच्या मांडीला मांडी लावून अर्धं शरीर बाहेर ठेवायचं आणि सात वाजता वर्गात हजर. एवढ्या सकाळी कॉलेज, कारण अकराला निम्म्या मुलांना दुकानाचं शटर उघडायचं असतं.

२०२४ मध्ये नवं शैक्षणिक धोरण आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांपर्यंत पोचलं आणि सगळे अभ्यासक्रम नव्यानं मांडायची टूम निघाली. कायम नोकरीतले ज्येष्ठ लोक अशा वेळी कुठे असतात हा संशोधनाचा विषय आहे. काम माझ्याकडे आलं. ‘विद्यार्थ्याला मागणीचा नियम समजेल’ असं मी लिहिलं, तर ते खोडून आलं. समजलं की नाही हे मोजता येत नाही म्हणे. बेंजामिन ब्लूम यांनी १९५६ मध्ये लावलेली शिकण्याच्या उद्दिष्टांची उतरंड पाठवून दिली गेली. मग मी ‘विद्यार्थी विश्लेषण करेल, मूल्यमापन करेल, निर्मिती करेल’ असं लिहिलं. तेवढं वाक्य लिहिताना मला स्वतःला यातलं काय काय येतं, याकडे मी पाहिलं नाही.

पहिली कृती कार्डांची. माझुरांच्या वर्गात मतं नोंदवायला यंत्रं होती. आमच्याकडे मी लाल, निळी, पिवळी, हिरवी कार्डं छापून घेतली. छपाईला उल्हासनगर स्वस्त. प्रश्न टाकला. सगळा वर्ग आधी पहिल्या बाकावरच्या एका मुलीकडे वळला. तिनं निळं कार्ड वर केलं आणि पाठोपाठ छपरापर्यंत निळाई पसरली. पुढच्या तासाला मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, मुद्दाम चुकीचं कार्ड दाखव. तिनं दाखवलं. एकजात सगळा वर्ग चुकला. मग चर्चा करायला सांगितली, तर ती इतकी रंगली की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले. विषय होता त्या दिवशी रद्द झालेली बदलापूर लोकल. माझा प्रश्न त्यात कुठेच नव्हता, पण मीही दोन मुद्दे मांडले.

दुसरी कृती व्हिडिओची. कोलोरॅडोतल्या बर्गमन आणि सॅम्स या रसायनाच्या दोन शिक्षकांनी २००७ च्या सुमारास पाठ चित्रित करून मुलांना दिले. ऐकायचं घरी, अभ्यास वर्गात. मी ॲडम स्मिथवर व्हिडिओ केला. १७७६ सालचं पुस्तक, त्यातला टाचण्यांचा कारखाना: एकट्यानं सगळं करायचं म्हटलं तर माणूस दिवसाला वीस टाचण्याही करणार नाही, तार ओढणारा वेगळा, कापणारा वेगळा, टोक काढणारा वेगळा असे दहा जण लागले की ४८,००० होतात. श्रमविभागणीचा हा दाखला मी मोठ्या आवेशात सांगत होतो आणि ४८,००० या आकड्यावर कुकरची शिट्टी झाली. व्हिडिओ पाहिला गेला. बहुतेक वेळा मीच पाहिला, उरलेल्या वेळा आईनं. तिचं म्हणणं, शर्टाला इस्त्री हवी होती.

सत्राच्या मध्यावर विद्यार्थ्यांचे अभिप्राय आले. त्यातला एक प्राचार्यांनी मला वाचून दाखवला: ‘सर स्वभावाने चांगले आहेत, पण शिकवत नाहीत. सगळं आम्हालाच करायला लावतात.’ मी लगेच २०१९ चा अभ्यास पुढे केला. हार्वर्डमध्येच लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी तपासून पाहिलं होतं की कृतीच्या वर्गात मुलं जास्त शिकतात, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटतं. ‘म्हणजे सर, ही तक्रारच माझ्या यशाचा पुरावा आहे.’ प्राचार्यांनी चष्मा काढला. ‘तुम्हालाही मानधन कमी वाटत असेल,’ ते म्हणाले, ‘ते प्रत्यक्षात जास्त आहे असं समजा.’

तिथून कार्यालयात गेलो तर हेडक्लार्कबाईंना वेगळीच अडचण. ‘मुलंच शिकत होती ना, सर? मग हा तास तुमच्या नावावर कसा धरायचा?’ त्यांना माझुर सांगावेत असं वाटलं, पण बिलावर सही त्यांची लागते.

शेवटची आशा होती प्रकल्पाची. विषय दिला, ‘एका जीन्स पँटचा प्रवास’. कॅम्प ५ च्या जीन्स बाजारात राहून टाचण्यांची उदाहरणं द्यायची म्हणजे कमालच. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत उतरलेल्या सिंधी कुटुंबांनी जे मिळेल ते विकत धंदा उभारला, १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं, आणि आज इथे गल्लीत शिरलं की शिलाई मशीनचा आवाज आधी येतो, पत्ता नंतर सापडतो. आणि कृतीतून शिकवण्यासाठी हार्वर्डला कशाला जायला हवं? आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला मुलांच्या दारात, अंगणात, गुरं चरतात त्या कुरणात शाळा नेली होती. तेव्हा माझी मुलं वही घेऊन गाळ्यागाळ्यांतून हिंडताहेत, कारागिरांना प्रश्न विचारताहेत, असं चित्र डोळ्यांसमोर ठेवून मी झोपत असे.

प्रकल्प ठरलेल्या दिवशी आले. सगळ्या गटांचे. तिथेच माझ्या पोटात गोळा यायला हवा होता. एकसारखा कागद, एकसारखा समास. आलेख सगळ्यांचे सुबक, निष्कर्ष सगळ्यांचे गोलगरगरीत. प्रस्तावना एकच, फक्त वेगवेगळ्या मापांत काढलेली: कुठे आखूड, कुठे लांब, कुठे कमरेला सैल.

वर्गात मी आवाज चढवला. कोणी घाबरलं नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला; त्याच्या वडिलांचा जीन्सचा गाळा आहे. ‘सर, एक पूरा प्रोजेक्ट एक ही बंदा बनायेगा तो टाइम किती जाईल?’ मग त्यानं शांतपणे सगळी व्यवस्था समजावली. ज्याचं अक्षर आणि भाषा बरी, त्याच्याकडे सगळ्या गटांच्या प्रस्तावना. ज्याला कॉम्प्युटर येतो, त्याच्याकडे आलेख. बाजारात हिंडून भाव आणायचं काम दोघांकडे, कारण त्यांच्याकडे ॲक्टिव्हा. कटिंग, शिलाई, ओव्हरलॉक, काज-बटण जसं वेगवेगळ्या हातांनी होतं, तसंच. वालधुनी नदीच्या प्रदूषणावरून धुलाईचे कारखाने बंद झाले आणि ते काम बाहेर पाठवावं लागू लागलं, तसं स्पायरल बायंडिंगही त्यांनी अंबरनाथला पाठवलं होतं. तिथे पाच रुपये कमी. प्रत्येक कामाचा पीस रेट ठरलेला. धागा कटिंग, म्हणजे शुद्धलेखन, पहिल्या बाकावरच्या मुलीकडे.

मला एकदम हुरूप आला. ‘म्हणजे तुम्ही व्हिडिओ पाहिलात!’

‘कौनसा व्हिडिओ, सर?’

त्यानं हिशेबाची वही पुढे केली. आलेखाचा दर, प्रस्तावनेचा दर, उशीर झाला तर किती कापायचे, सगळं पेनानं नीट आखलेलं. एका ओळीत लिहिलं होतं: चेकिंग – सर. त्यापुढचा दराचा रकाना रिकामा होता. मी त्या रकान्याकडे जरा जास्तच वेळ बघत असेन, कारण तो समजुतीच्या सुरात म्हणाला, ‘वो कॉलेज देता है ना, सर.’

गुण देताना माझी पंचाईत झाली. नक्कल म्हणावी तर मूळ प्रत कोणाची तेच ठरेना. आणि माझ्याच अभ्यासक्रमात ‘निर्मिती करेल’ हे मीच लिहून बसलो होतो. शेवटी सगळ्यांना सारखे गुण दिले. सगळ्यांना मान्य झाले, फक्त धागा कटिंगवालीनं प्रस्तावनेतल्या आठ चुका आपण काढल्या म्हणून वाढीव दोन मागितले. तेही दिले.

तास सुटल्यावर गाळेवाल्यांचा मुलगा जिन्यात भेटला. ‘सर, पुढच्या सेमिस्टरचा टॉपिक जरा लवकर सांगा. दिवाळीच्या सीझनला पोरं दुकानात बसतात, तेव्हा रेट डबल होतो.’