न वाचायच्या वह्या

रोज रात्री वहीत चार ओळी खरडायच्या, कुणाला दाखवायच्या नाहीत, सहसा स्वतःही परत वाचायच्या नाहीत आणि वर्ष संपलं की वही माळ्यावर टाकायची, हा वेडेपणाच आहे. आता तर त्याला सबबही उरलेली नाही. पानांचे फोटो काढून चॅटजीपीटीला किंवा जेमिनीला दिले की वर्षभर आपण कशावरून कुढत होतो, कुणाचं नाव किती वेळा आलं, कोणत्या महिन्यात मन उतरलं होतं, याचा ताळेबंद चहा निवायच्या आत मिळतो. तरीही काही माणसं हे करत नाहीत. त्यांच्या वेडेपणाची मला मनापासून स्तुती करायची आहे.

माझी आत्या बँकेकडून मिळालेल्या डायरीत लिहिते. तिनेच एकदा मला एक पान दाखवलं. 'मेथी वीस रुपये जुडी. दुधाचा खाडा. नवा सिलिंडर लावला.' एवढंच. त्या दुपारी घराच्या वाटणीवरून तिचं आणि माझ्या वडिलांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. त्याबद्दल पानावर अवाक्षर नाही. यंत्राला हे पान दिलं तर ते महागाई आणि घरखर्च सांगेल, आणि ते चूकही नाही, कारण पानावर तेवढंच आहे. आत्याला मात्र त्या वीस रुपयांत अख्खं भांडण ऐकू येतं. न लिहिलेलं तिने जिथे ठेवलं आहे, तिथे दुसऱ्या कुणाचा हात पोचत नाही.

या वेडेपणाच्या बाजूने बोलणारी माणसं शास्त्रातही आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. आयुष्यातला मोठा घाव आणि त्याबद्दलच्या भावना ज्यांनी लिहिल्या, त्यांच्या पुढच्या काही महिन्यांत विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या फेऱ्या इतरांच्या तुलनेत कमी राहिल्या. लिहिलेल्यावर त्यांना कुणीही अभिप्राय दिला नव्हता. पुढे पेनेबेकरांनी असे मजकूर संगणकाकडून मोजून घेतले. 'कारण', 'आता लक्षात येतंय' अशा धाटणीचे शब्द ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक वाढत गेले, त्यांना जास्त फायदा झालेला दिसला. मला यातलं 'दिवसागणिक' महत्त्वाचं वाटतं. ते 'कारण' लिहिणाऱ्याच्या हातून, अडखळत येतं. यंत्राने तयार करून दिलेलं 'कारण' कितीही बरोबर असलं, तरी त्यासाठी आपण काही लिहिलेलं नसतं.

लेखिका ज्युलिया कॅमेरॉन यांनी १९९२च्या 'द आर्टिस्ट्स वे' या पुस्तकात सकाळी उठल्या उठल्या हाताने तीन पानं लिहायला सांगितलं, आणि पहिले आठ आठवडे ती स्वतःसुद्धा वाचायची नाहीत अशी अट घातली. मला ही अट शहाणपणाची वाटते. वाचणारा कुणी आहे म्हटलं की हात सावरून लिहू लागतो. 'ती परत तसंच बोलली' एवढ्यावर भागत नाही. ती कोण, तसं म्हणजे कसं, हे खुलाशासकट येतं आणि रोजनिशीचा अर्ज होतो. वाचणारा गोडबोल्या असेल तर अधिकच वाईट. एप्रिल २०२५मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीची एक सुधारित आवृत्ती मागे घ्यावी लागली, कारण ती वापरणाऱ्याच्या हो ला हो करत होती. ज्या रात्री आपणच कुणाशी तरी वाईट वागलेलो असतो, त्या रात्री असा सोबती घातक ठरतो. कोरं पान आपली समजूत घालत नाही.

डॉक्टरांनी विचारलं की गुडघा कधीपासून दुखतोय, तर जुन्या नोंदी यंत्राकडून जरूर चाळून घ्याव्यात. तारीख शोधायला ते आपल्यापेक्षा तरबेज आहे. पण हल्ली घरी परतावंसं का वाटत नाही, हे विचारायचं असेल, तर लोकांनी खुळं म्हटलं तरी चालेल, वही उघडावी आणि मेथीच्या भावापासून सुरुवात करावी.